मानेत मज्जारज्जूला अर्धवट मार बसलाय: पहिल्या तासापासून घरी येईपर्यंत काय करायचं, कुठल्या क्रमाने

"डॉक्टर इनकम्प्लीट, म्हणजे अपूर्ण इजा म्हणाले, म्हणजे किरकोळच आहे ना?" असं एक जण विचारतो, आणि दुसरा तिसऱ्याच दिवशी म्हणतो "पाय हलत नाहीयेत, संपलं सगळं". दोघंही चुकतात, आणि त्या चुकीपायी पुढचे निर्णय पण चुकतात. माझे बाबा ६३व्या वर्षी बाथरूममध्ये घसरून हनुवटीवर आपटले, एक्सरेत काहीच मोडलेलं दिसलं नाही, आणि तरी त्यांना चहाचा कप उचलता येईना. त्यानंतरच्या दोन वर्षांत जे शिकलो, जे चुकलो, ते सगळं क्रमाने लिहितोय. मी डॉक्टर नाही, औषधाचे डोस वगैरे तुमच्या डॉक्टरांकडूनच घ्या, इथे नातेवाईकाने काय बघायचं, काय विचारायचं आणि काय करायचं नाही एवढंच आहे.

## आधी दोन शब्द नीट समजून घ्या

मानेत मणके ७ आणि त्यातून निघणाऱ्या नसांच्या जोड्या ८. त्यामुळे रिपोर्टमध्ये कुठे सी ५ (सी म्हणजे मान) लिहिलंय, कुठे सी ६, बघून लोक गोंधळतात. एक आकडा हाडाचा असतो, दुसरा मज्जारज्जू कुठपर्यंत नीट काम करतोय त्याचा, आणि दोन्ही जुळतीलच असं नाही. तुमच्या कामाचा दुसरा.

अपूर्ण इजा म्हणजे काय, तर मज्जारज्जूच्या सगळ्यात खालच्या टोकापर्यंत काहीतरी निरोप अजून पोचतोय. हे टोक तपासायची जागा म्हणजे गुदद्वार. तिथे टाचणी किंवा कापूस कळतो का, आतून बोटाचा दाब कळतो का, आकसून धरता येतं का, यावरून पूर्ण की अपूर्ण ठरतं. पायाचा अंगठा हलतो का यावरून नाही ठरत. आमच्याकडे बाबांनी लाजून ही तपासणी करूच दिली नाही आणि आम्हीही "जाऊ द्या हो डॉक्टर" म्हटलं, दोन दिवस वाया गेले. पेशंटला आधी समजावून सांगा, घरातल्या बायका-पोरांना बाहेर पाठवा, पण तपासणी होऊ द्या.

म्हणजे "अपूर्ण" हा शब्द इजा छोटी आहे असं सांगत नाही. काही धागे शिल्लक आहेत एवढंच सांगतो, आणि पहिल्या काही दिवसांतलं जवळजवळ सगळं काम ते धागे आणखी जाऊ नयेत यासाठी असतं.

## टप्पा १: पडल्या जागेपासून हॉस्पिटलपर्यंत

झाडावरून पडणं, विहिरीत किंवा कमी पाण्यात सूर मारणं, बाईकवरून उडून पडणं, डोक्यावर ओझं असताना पाय घसरणं, ही कारणं सगळ्यांना कळतात. जे सुटतं ते हे: म्हातारं माणूस, घरातल्या घरात पडलंय, कपाळाला किंवा हनुवटीला खोक आहे, आणि "हातांची आग होतेय, बोटं धरत नाहीत" म्हणतंय. मान झटक्याने मागे गेली की आधीपासून झिजलेल्या, अरुंद झालेल्या मणक्यांच्या नळीत मज्जारज्जू चिमटतो, हाड मोडावंच लागतं असं नाही.

१. उठवून बसवू नका. काखेत हात घालून खुर्चीवर बसवणं आणि पाणी पाजणं, आपल्याकडे पहिलं हेच होतं.
२. १०८ ला फोन करा, "मानेला मार आहे, हातपाय हलत नाहीत" असं स्पष्ट सांगा म्हणजे ते त्या तयारीने येतात.
३. एकाने डोक्याशी बसून दोन्ही हातांनी डोकं आहे तसं स्थिर धरायचं. मान सरळ करायला ओढायचं नाही, वाकडी असेल आणि सरळ करताना दुखत असेल तर आहे तशीच ठेवायची.
४. उलटी होत असेल तर डोकं, खांदे, कंबर एकदम, ओंडका लोळवतात तसं कुशीवर करायचं. त्याला तीन-चार माणसं लागतात, आणि डोकं धरणाऱ्यानेच एक-दोन-तीन म्हणायचं.
५. पडल्याची वेळ लिहून ठेवा. पुढे प्रत्येक डॉक्टर पहिला तोच प्रश्न विचारतो.

थांबा: रिक्षाच्या मागच्या सीटवर दुमडून नेऊ नका. आणि मान "बसवायला" कुणाकडे नेऊ नका, चोळणारा कितीही नावाजलेला असला तरी.

श्वास उथळ वाटतोय, एक वाक्य पूर्ण बोलता येत नाही, तर हे अँब्युलन्सवाल्यांना लगेच सांगा. छाती आणि पोटामधला श्वासाचा पडदा मानेतल्या ३, ४, ५ नंबरच्या नसांवर चालतो.

## टप्पा २: पहिले २४ तास

शक्य असेल तर सीटी, एमआरआय, आयसीयू आणि मणक्याचं ऑपरेशन करणारा सर्जन हे चारही एकाच छताखाली असलेल्या ठिकाणीच जा. जवळच्या दवाखान्यात एक्सरे, मग दुसरीकडे एमआरआय, मग तिसरीकडे बेड, या फिरण्यात आमचे सात तास गेले. एक्सरे नॉर्मल आला म्हणून घरी येऊ नका, एक्सरेत मज्जारज्जू दिसतच नाही.

तिथे पोचल्यावर हे विचारा, भांडून नको, पण विचारा:

"रज्जूवर अजून दाब आहे का, आणि असेल तर ऑपरेशन कधी?" दाब काढायचाच असेल तर २४ तासांच्या आत काढलेला बरा, असं आता बहुतेक मणक्याचे सर्जन मानतात. कधी पेशंटची तब्येत तेवढी धरत नाही, कधी दाब फारसा नसतो, मग थांबतात. कारण समजून घ्या म्हणजे झालं.

"बीपी किती ठेवताय?" हा प्रश्न नातेवाईक विचारतच नाहीत, आणि मला विचाराल तर हा सगळ्यात महत्त्वाचा. मानेच्या इजेत बीपी आणि नाडी दोन्ही पडू शकतात, आणि बीपी पडलं की आधीच सुजलेल्या रज्जूला रक्त कमी पोचतं, म्हणजे शिल्लक धागे पण धोक्यात. बरीच सेंटर्स पहिले ५ ते ७ दिवस मीन प्रेशर (म्हणजे सरासरी बीपी) ८५ ते ९० च्या आसपास टिकवायला बघतात, त्यासाठी सलाइनवर औषध लागतं, आयसीयू लागतो. "पेशंट शुद्धीत आहे, बोलतोय, मग आयसीयूचं बिल कशाला" याचं उत्तर हे आहे.

थांबा: पेशंटला आधीपासून बीपीची गोळी चालू असेल तर घरून आणलेली गोळी आपल्या मनाने अजिबात देऊ नका. यादी डॉक्टरांना द्या, ते ठरवतील.

स्टिरॉइडच्या इंजेक्शनवरून वॉर्डात भांडणं होतात. काही डॉक्टर पहिल्या ८ तासांत देतात, काही देतच नाहीत, कारण फायदा वादात आहे आणि इन्फेक्शन, पोटात रक्तस्राव हे धोके खरे आहेत. दिलं नाही म्हणजे दुर्लक्ष केलं असं नसतं.

अपघात असेल तर एमएलसी (पोलीस केस म्हणून हॉस्पिटलने केलेली नोंद) झालीय का तेवढं बघून त्याची कॉपी घ्या. पुढे लागते.

## टप्पा ३: तो तक्ता मिळवा आणि वाचा

पेशंटच्या फाइलमध्ये एका पानावर माणसाची पुढून-मागून आकृती आणि आकडे असतात. त्याचा फोटो काढून ठेवा. फाइलमध्ये नसेल तर "एशिया चार्ट झालाय का" असं विचारा, हे नाव वॉर्डातल्या डॉक्टरांना लगेच कळतं.

त्यात प्रत्येक बाजूचे १० मुख्य स्नायू ० ते ५ असे मोजतात. ० म्हणजे काहीच नाही, १ म्हणजे नुसतं आकसलेलं हाताला कळतं, २ म्हणजे हात-पाय गादीवर आडवा सरकतो पण उचलत नाही, ३ म्हणजे वजनाविरुद्ध उचलला जातो, ४ म्हणजे थोडा जोर लावला तरी टिकतो, ५ नॉर्मल. दोन्ही बाजू मिळून १००. मानेच्या पेशंटला हाताचे पाच फार महत्त्वाचे: कोपर वाकवणं, मनगट वर उचलणं, कोपर सरळ करणं, बोटं मिटणं, करंगळी बाजूला नेणं.

मग एक अक्षर असतं. ए म्हणजे पूर्ण इजा. बी म्हणजे खाली स्पर्श कळतो पण हालचाल नाही. सी म्हणजे हालचाल आहे, पण इजेच्या खालच्या मुख्य स्नायूंपैकी निम्म्याहून कमी ३ पर्यंत पोचतात. डी म्हणजे निम्मे किंवा जास्त पोचतात. ई म्हणजे सगळं नॉर्मल. बी असेल तर एक गोष्ट मुद्दाम विचारा, टाचणीची टोच कळते का? नुसता स्पर्श कळण्यापेक्षा टोच कळणं हे पुढे हालचाल परत येण्याच्या दृष्टीने जास्त चांगलं लक्षण मानतात.

पहिल्या दिवशीच्या अक्षरावर आयुष्याचा निकाल लावू नका. सुरुवातीला रज्जू धक्क्यात असतो, खालचं सगळं लुळं पडतं, रिफ्लेक्स (आपोआप होणारे झटके) जातात, काही दिवस कधी काही आठवडे. पेशंट वेदनेत असतो, गुंगीत असतो. म्हणून ७२ तासांच्या आसपास परत केलेला तक्ता जास्त भरवशाचा धरतात. तो करून घ्याच.

आणि इजेची तऱ्हा कुठली ते विचारा, कारण पुढचं घर त्यावर लागतं.

सगळ्यात जास्त दिसते ती मधल्या भागाची इजा, सेंट्रल कॉर्ड. बाबांची हीच होती. पाय बऱ्यापैकी, हात गेलेले, लघवी अडकलेली. यात सहसा आधी पाय सुधारतात, मग लघवी, मग खांदे-कोपर, आणि बोटं सगळ्यात शेवटी, तीही पूर्ण येतीलच असं नाही. लोकांना उलटं वाटतं, की चालायला लागले म्हणजे हात आपोआप येतील. दुसरी तऱ्हा अर्ध्या बाजूची, चाकू लागला किंवा एका बाजूने दाब आला तर: एका बाजूची ताकद जाते आणि दुसऱ्या बाजूला गरम-गार आणि टोच कळत नाही. सुधारणा साधारण चांगली होते. तिसरी पुढच्या भागाची, त्यात हालचाल आणि वेदना कळणं जातं पण पाय कुठे ठेवलाय ते कळतं. ही जरा कठीण असते, खोटी आशा कुणी दिली तर सावध राहा.

तपासा, खरी हालचाल की झटका: चादर ओढली आणि पाय उडाला, सगळं घर रडायला लागलं, व्हिडिओ गावाला गेला. तो बहुतेक वेळा रिफ्लेक्स असतो. खरी हालचाल हुकमावर होते. "हलव" म्हटल्यावर हलली, "थांब" म्हटल्यावर थांबली, आणि तीनदा तसंच झालं, तरच वहीत लिहायचं. हो, एक वही करा, आठवड्यातून एकदा, एकाच वेळी, तेच स्नायू. रोज बघितलं तर वेड लागतं.

## टप्पा ४: वॉर्डातले दिवस

इथे चुका सगळ्यात जास्त होतात, कारण डॉक्टर राउंडला दहा मिनिटं आणि बाकीचा दिवस आपण, मावशी आणि मामा.

कातडी. दर २ तासांनी कूस बदलायची, रात्रीसुद्धा. एअर बेड घेतला म्हणजे कूस बदलायला नको हा फार महागात पडणारा गैरसमज. माकडहाड, टाचा, कंबरेची हाडं, मानेला कॉलर (आधाराचा पट्टा) असेल तर हनुवटीखाली आणि डोक्यामागे, रोज टॉर्च लावून बघा. लाल डाग बोटाने दाबून सोडल्यावर पांढरा होत नसेल तर त्या कुशीवर ठेवणं बंद आणि सिस्टरना दाखवा. सावळ्या कातडीवर लाली दिसत नाही, तिथे हात लावून गरम किंवा कडक लागतंय का बघा. कूस बदलताना कॉलर आणि मान याबद्दल सर्जनने काय सांगितलंय ते पलंगाला कागद चिकटवून लिहा, कारण माणसं बदलतात.

थांबा: गरम पाण्याची पिशवी, शेक, वाफारा, पायाशी हीटर, काहीही नाही. चटका कळत नाही, फोड आलेला दुसऱ्या दिवशी दिसतो. आमच्या एका मावशीने प्रेमाने पाय शेकले, ती जखम भरायला दीड महिना लागला.

छाती. खोकल्याची ताकद पोटाच्या स्नायूंतून येते आणि तेच गेलेले असतात, म्हणून कफ साचतो. फिजिओकडून पोटावर हात ठेवून खोकायला कशी मदत करायची ते शिकून घ्या, फक्त बघून घेऊ नका, त्यांच्यासमोर स्वतः करून दाखवा. मानेच्या पुढून ऑपरेशन झालं असेल तर गिळताना ठसका लागतो का याकडे लक्ष, आणि आडवं झोपवून भरवायचं नाही.

पोटरी. एकाच पायाला सूज, गरमपणा आला तर चोळू नका, लगेच सांगा. रक्ताची गुठळी असू शकते, आणि पहिले ३ महिने हा धोका सगळ्यात जास्त.

हात. हे कुणी सांगत नाही म्हणून जरा सविस्तर. मनगट वर उचलता येतं पण बोटं मिटत नाहीत अशा पेशंटचं एक गुपित असतं: मनगट वर केलं की बोटं आपोआप थोडी मिटतात, मनगट खाली सोडलं की उघडतात. या आपोआपच्या पकडीवर माणूस चमचा, कागद, मोबाइल धरू शकतो. पण ती पकड बोटांचे स्नायूबंध थोडे आखूड राहिले तरच चालते. आणि आपण काय करतो, रोज संध्याकाळी बसून बोटं आणि मनगट एकदमच मागे ताणतो, "मोकळी होऊ देत" म्हणून. पकड कायमची सैल. नियम एवढाच: बोटं सरळ करायची तर मनगट खाली वाकवून, मनगट वर करायचं तर बोटं मिटवून. तुमच्या पेशंटची बोटं परत येण्यासारखी आहेत का, त्यांना हा नियम लागू आहे का, हे ओटीवाल्यांना (ऑक्युपेशनल थेरपी, म्हणजे हाताची रोजची कामं परत शिकवणारे) पहिल्याच आठवड्यात विचारा.

खांदा. हाताला धरून ओढून वर सरकवायचं नाही. कमजोर खांदा निसटतो आणि मग ते दुखणं पुढे वर्षभर पुरतं.

## टप्पा ५: पहिल्यांदा बसवणं

डॉक्टरांनी हो म्हटल्याशिवाय नाही. हो म्हटलं की सुद्धा एकदम नाही. पायांना इलॅस्टिकचे पट्टे, पोटाला पट्टा, मग पलंगाचं डोकं आधी थोडं, दहा मिनिटं थांबून आणखी थोडं, असं. चेहरा पांढरा पडला, जांभया यायला लागल्या, डोळ्यांपुढे अंधारी म्हणाले, की लगेच डोकं खाली, पाय वर. व्हीलचेअरवर झालं तर खुर्ची मागे तिरकी करा. हे बीपी पडणं आहे, अशक्तपणा नाही, लिंबू सरबताने जात नाही. आठवडाभर रोज केलं की शरीर बहुतेक शिकतं.

## टप्पा ६: एक इमर्जन्सी घरातल्या सगळ्यांना पाठ हवी

इजा छातीच्या ६व्या मणक्याच्या पातळीला किंवा त्याच्या वर असेल, म्हणजे मानेचे सगळेच आले, तर इजेच्या खाली काही अडलं किंवा टोचलं की बीपी अचानक भडकू शकतं. अपूर्ण इजेत प्रमाण कमी आणि सौम्य असतं, पण होतं. डोकं ठणकतं, चेहरा-मान लाल, इजेच्या वर घाम, खाली अंगावर काटा. लक्षात घ्या की या पेशंटचं नेहमीचं वरचं बीपीच ९० ते ११० असतं, त्यामुळे १४० म्हणजे त्यांच्यासाठी खूप झालं, "१४० तर नॉर्मल आहे" म्हणणाऱ्या डॉक्टरला हे शांतपणे सांगावं लागतं.

क्रम असा:
१. ताठ बसवा, पाय खाली सोडा.
२. कपडे, पोटाचा पट्टा, बूट, युरोबॅगचा (लघवीच्या पिशवीचा) पट्टा सैल.
३. लघवी बघा. नळी पिळली आहे का, पिशवी भरून लघवी मागे तुंबलीय का, नळी नसेल तर लगेच कॅथेटरने काढा. बहुतेक वेळा कारण इथेच सापडतं.
४. मग संडास अडकलीय का, मग कातडीला काही टोचतंय का, नख आत वाढलंय का.
५. दर दोन-तीन मिनिटांनी बीपी. उतरत नसेल तर हॉस्पिटल.

थांबा: डोकं दुखतंय म्हणून आडवं करू नका, बीपी आणखी वाढतं.

## टप्पा ७: घरी यायच्या आधी आणि आल्यावर

डिस्चार्जच्या आदल्या दिवशी नाही, निदान आठवडाभर आधी तयारी. व्हीलचेअर लागणार असेल तर दाराची मोकळी रुंदी ३२ इंच हवी, आपल्या बाथरूमची दारं बहुतेक २४ ते २८ ची असतात, तिथेच अडकतं. उंबरठ्याला उतार, कमोड, धरायला बार, आणि बाथरूममध्ये खरबरीत फरशी किंवा मॅट.

लघवीसाठी कायमची नळी ही सोय वाटते, पण जमत असेल तर ठराविक वेळाने कॅथेटर घालून काढणं बहुतेकांना जास्त चांगलं, दर ४ ते ६ तासांनी, आणि एका वेळी ५०० मिलीच्या वर साचू द्यायचं नाही. बोटं चालत नसतील तर हे घरच्यांना करावं लागतं, म्हणून हॉस्पिटलमध्येच दोघांनी शिकून घ्या, एक आजारी पडला तर दुसरा हवा. "लघवी होतेय की थोडी थोडी" यावर विसंबू नका, भरून ओघळणं वेगळं, सोनोग्राफीत मागे किती उरतेय ते बघतात. संडासची एकच वेळ ठरवा, सकाळी चहा-नाश्त्यानंतर वीस-तीस मिनिटांनी, रोज त्याच वेळी. पोट त्या वेळेला स्वतःच हलतं, त्याचा फायदा घ्यायचा.

स्नायूंच्या ताठरपणाची गोळी चालू असेल तर बरं वाटलं म्हणून किंवा संपली म्हणून अचानक बंद करू नका, फिट येऊ शकते. थोडा ताठरपणा उभं राहायला उपयोगी पण पडतो, तो शून्य करायचा हट्ट नको.

सेंट्रल कॉर्डवाल्यांसाठी खास: पाय आधी आले की माणूस घरभर फिरायला लागतो, पण तोल गेला तर हात पुढे येत नाहीत, थेट तोंडावर पडतो आणि मान परत झटका खाते. बाबा असेच दोनदा पडता पडता वाचले. चालताना मागे नाही, किंचित बाजूला उभं राहा, कमरेला पट्टा बांधून तो धरा. आणि फिजिओ पायांवरच खूश असेल तर हातांसाठी ओटी वेगळी मागून घ्या. चमच्याच्या दांड्याला कापडाची जाड गुंडाळी, पायजम्याला नाडीऐवजी इलॅस्टिक, शर्टाला वेल्क्रो, एवढ्याने दिवसातली अर्धी चिडचिड गेली.

वेळेचं विचाराल तर पहिल्या ३ महिन्यांत वेग जास्त, ६ ते ९ महिन्यांपर्यंत बराच फरक दिसतो, मग मंद होतो. वर्षानंतरही काही येतं, पण "स्टेम सेलने महिन्यात उभा करतो" म्हणणाऱ्यांना जमीन विकून पैसे देऊ नका. मुंबईत हाजी अलीला केंद्र सरकारची फिजिकल मेडिसिन आणि रिहॅबिलिटेशनची संस्था आहे, अशा ठिकाणी फिजिओ, ओटी, कॅलिपर (पायाला आधार देणारी पट्टी)-व्हीलचेअर सगळं एकत्र बघतात, आधी तिथे जाऊन या.

कागदांचं थोडक्यात: दिव्यांग प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्डाचा (दिव्यांगांच्या ओळखपत्राचा) अर्ज ऑनलाइन होतो, सवलतींसाठी ४० टक्के ही रेघ बहुतेक ठिकाणी लागते. सुधारणा चालू असताना कधी तात्पुरतं प्रमाणपत्र देतात, तारीख लिहून ठेवा. रस्ता अपघात असेल तर भरपाईचा दावा ६ महिन्यांत टाकायचा असतो, वकिलाला लवकर गाठा.

परत कधी धावायचं: आधी आलेली ताकद कमी व्हायला लागली, बधिरपणा वर सरकतोय असं वाटलं, नवीन जळजळ, ताठरपणा अचानक वाढला. ताठरपणाच्या मागे बऱ्याचदा लघवीचं इन्फेक्शन किंवा कातडीवरची जखमच निघते, ते आधी बघा. पण ताकद कमी होत असेल तर महिनोन्महिन्यांनी किंवा वर्षांनी रज्जूच्या आत पाण्याची पोकळी तयार झालेली असू शकते, त्याला एमआरआयच लागतो. ओपीडीत दोन मिनिटं मिळतात, त्यात "कमी झालंय हो" म्हणण्यापेक्षा वहीतलं सहा महिन्यांपूर्वीचं पान आणि आजचं पान शेजारी शेजारी उघडून ठेवा.